शिवार फेरीची जागा बदलतेय. कपाशीचा प्लॉट ट्रॉलीत घालून नेता येत नाही, काय करावं?

तापीकाठचा:

राम राम मंडळी.

मी चोपडा तालुक्यातला. कपाशी, थोडी केळी, रब्बीला हरभरा. आमच्याकडे दर वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधे एक शिवार फेरी भरते. मांडव नावालाच, सगळा कार्यक्रम शेतात. कपाशीचे बारा-चौदा वाण एकाच रानात ओळीने लावलेले, शेजारी तूर आणि ज्वारी, कडेला मृगबागेच्या, म्हणजे जूनच्या सुमारास लावलेल्या केळीचा एक तुकडा. माणसं सऱ्यांमधून फिरतात, बोंडं मोजतात, एकमेकांशी वाद घालतात, दुपारी भरीत-भाकरी खातात आणि घरी जातात. रावेर-यावलपासून अमळनेर-पारोळ्यापर्यंतचे लोक येतात. गेली अठरा वर्षं मी तिथला पाटीवाला. म्हणजे प्रत्येक ओळीच्या तोंडाशी वाणाचं नाव, लागवडीची तारीख आणि खताचे डोस लिहिलेली पत्र्याची पाटी ठोकायची. २८ पाट्या, रंगाचे डबे, ब्रश, सगळं माझ्याच ओसरीवर पडलेलं असतं. बायको म्हणते, ही तुमची तिजोरी.

फेरी चालवणारं जुनं मंडळ आता थकलं. दोघं गेले, एकाचे गुडघे गेले, पोरं पुण्याला. पाडव्यानंतर बैठक झाली आणि सगळा कारभार एका नव्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे दिला. पोरं चांगली आहेत, हुशार आहेत, हिशेब मोबाईलवर दाखवतात. पण पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की यंदापासून फेरी तापीकाठाहून उचलायची आणि एरंडोलजवळ सुरत-नागपूर हायवेला लागून भरवायची. तिथे मोठं पटांगण आहे, पार्किंग आहे, बोअरला पाणी आहे, ठिबक बसवलेलं आहे. शंभर स्टॉल बसतात म्हणे.

त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. आमचं जुनं शेत म्हणजे बापूंचं. घट्ट काळी. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत जातो, आणि पाऊस झाला की चप्पल किलोभराची होते. तीन वर्षांपूर्वी ऐन फेरीच्या आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला. सकाळी जीपगाड्या बांधावर रुतल्या, त्या काढायला ट्रॅक्टर आणला तर तोही रुतला. शेवटी दोन बैलजोड्या आणल्या. एका म्हाताऱ्या काकांना चक्कर आली, तर त्यांना बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. अॅम्ब्युलन्स आत येऊच शकली नाही. तो दिवस आठवला की मलाही हायवे बरा वाटतो. एका वर्षी तर हतनूरचे ४१ च्या ४१ दरवाजे उघडले आणि खालच्या अंगाच्या चार ओळी ऑगस्टातच पाण्याखाली गेल्या.

पण मी गेल्या आठवड्यात मोटारसायकल काढली आणि नवी जागा पाहून आलो. सोबत पहार नेली होती. तीन ठिकाणी खणलं. दीड फुटावर मुरूम लागला.

आता सांगा. तापीकाठचा, रावेर-चोपड्याकडचा माणूस ज्या मातीत कपाशी करतो ती माती ही नाही. बापूंच्या रानात एखादा वाण चांगला दिसला की लोक बिनधास्त दुसऱ्या वर्षी लावायचे, कारण त्यांचं रानही तसंच. मुरमावर जो वाण पहिला येईल तो काळीत पहिला येईलच असं कोण सांगणार? आणि उलट, ज्यांचं रान हलकं आहे त्यांना आजवर आम्ही काय दाखवलं, हाही प्रश्न मनात येतो, नाही असं नाही.

एक गोष्ट सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. २०१७, गुलाबी बोंडअळीचं वर्ष. फेरीला आलेले लोक ओळीतून चालले होते, वरून पीक हिरवंगार, बोंडांनी लगडलेलं. पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने एक मिटलेलं फूल तोडलं, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, कळीसारखी गाठ. डोमकळी. त्याने ती सोडवली तर आत अळी. मग एक हिरवं बोंड घेतलं, अंगठ्याने फोडलं, आत गुलाबी अळी आणि सरकीला भोक. बाजूच्याने फोडलं, तसंच. पाच मिनिटांत साठ-सत्तर माणसं नुसती बोंडं फोडत होती, कोणी बोलत नव्हतं. माईकवर पाहुण्यांचं भाषण चालू होतं ते तिकडेच राहिलं. संध्याकाळपर्यंत किती जणांनी घरी जाऊन आपल्या रानात बोंडं फोडली असतील, मोजदाद नाही.

हे पटांगणावर होईल का? तिथे कंपनीची पोरं म्हणतात की पीक 'तयार' दिसलं पाहिजे, म्हणून मे महिन्यातच ठिबकवर लागवड करू, म्हणजे फेरीला पांढरं रान फोटोत छान येईल.

तर मला विचारायचंय की जागा बदलताना पहिल्या वर्षी प्लॉट कसा लावावा, म्हणजे लोकांचा भरवसा जाणार नाही? कोणी अशी फेरी एका गावाहून दुसरीकडे हलवली आहे का? आणि मी पाट्या घेऊन तिकडे जावं की गुपचूप ब्रश धुऊन ठेवावेत?

निवृत्त_सहायक:

तापीकाठचे भाऊ, ब्रश धुऊ नका.

मी कृषी खात्यात होतो, निम्मी नोकरी धरणगाव-एरंडोल भागातच गेली. जागा बदलण्याने फेरी मरत नाही, घाईने मरते. आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो. फेरीची जागाही आखाजीलाच ठरली पाहिजे, कारण त्यानंतर माती तपासायला, नांगरटीला आणि वखरायला जेमतेम महिना उरतो. तुम्हाला अजून तीन आठवडे आहेत.

आधी मे लागवडीचं बोलतो, कारण ते वाचून माझा चहा गार झाला. कपाशी १ जूनच्या आधी लावू नका हे आम्ही गावोगाव सांगत फिरलो, ते उगाच नाही. मे महिन्यात लावलेल्या कपाशीला पाते-फुलं लवकर येतात, आणि जमिनीतून व साठवलेल्या कपाशीतून निघणाऱ्या गुलाबी अळीच्या पतंगांना आयती सोय होते. तिची पहिली पिढी तिथे पोसली की पुढे जूनच्या कपाशीचा बळी. ज्या शिवार फेरीत लोकांना बोंडअळी ओळखायला शिकवायची, तिचाच प्लॉट गावाला अळी पुरवायचा? जूनमध्ये लावलेल्या कपाशीची बोंडं साधारण चार महिन्यांनी फुटायला लागतात. दसरा-दिवाळीच्या मधेच फेरी ठेवा, खालची बोंडं फुटलेली, वरची हिरवी, मधे फुलं. शेतकऱ्याला झाड वाचायला हेच हवं. सगळं पांढरं झालेलं रान हे व्यापाऱ्याला पाहायचं असतं.

त्या जागेच्या जवळ जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे का ते पाहिलं का? त्या पट्ट्यात आहेत. जिनिंगच्या आवारात सरकीत दडलेल्या अळ्यांचे पतंग निघतात, म्हणून तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावायला सांगतात. प्लॉट जिनिंगला लागून असेल तर सापळे आधी लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली असं समजायचं. आणि ते सापळे फेरीच्या दिवशी काढून ठेवू नका, लोकांना आत डोकावू द्या.

आता मातीचं. मातीचा नमुना घ्या, पण बांधाजवळचा, झाडाखालचा, खताच्या ढिगाजवळचा नको. इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा, वीत-सव्वा वीत खोल, कडेची माती खरवडून घ्यायची. दहा-बारा ठिकाणची एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. ती जळगावला प्रयोगशाळेत द्या. पण कागदापेक्षा जास्त सांगतो तो त्या रानाचा जुना मालक. त्याला विचारा, केळी कुठे होती, गोठा कुठे होता, उकिरडा कुठे होता. माझ्या नोकरीत एका प्लॉटवर एका बियाण्याच्या ओळीत मधेच पंधरा फुटांचा तुकडा इतका जोरदार, की विक्रेता तिथेच उभा राहून लोकांना दाखवायचा. ती उकिरड्याची जागा होती. दहा वर्षांपूर्वीचा उकिरडा. वाणाचं त्यात काही नव्हतं. मी गप्प बसलो आणि अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या वर्षी असं करा. तुमच्या भागात सगळ्यांना माहीत असलेला एक जुना वाण घ्या आणि दर चार ओळींमागे तोच परत लावा. तो वाण रानात कुठे कमी, कुठे जास्त येतो त्यावरून जमिनीचा चढउतार कळतो. नवीन वाण शेजारच्या त्या जुन्या ओळीशीच ताडून पाहायचा, दूरच्या ओळीशी नाही. पाटीवर त्या जुन्या वाणाला वेगळा रंग द्या. हे काम तुमच्याशिवाय कोण करणार?

मुरमाचं भय बाळगू नका. हलक्या रानात लाल्या लवकर दिसतो, पानं कडेने लाल पडतात. मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, रात्री थंडी वाढली की हमखास. ते झाकू नका. एक ओळ तशीच ठेवा, शेजारी मॅग्नेशियम सल्फेट फवारलेली. आमच्या अर्ध्या जिल्ह्याचं रान असंच आहे, त्यांनाही काही दाखवा की. बियाण्यासाठी आणि जाणकार माणसासाठी ममुराबादच्या किंवा पालच्या कृषी विज्ञान केंद्राला आताच पत्र द्या. फेरीच्या आठवडाभर आधी पत्र दिलं तर फक्त पाहुणा मिळतो.

ठिबक_आणि_टेन्शन:

मी धुळ्याकडच्या एका उत्पादक कंपनीचा संचालक. तुमच्या त्या 'पोरांच्या' बाजूने दोन शब्द, मारू नका.

जुन्या मंडळाने वर्षानुवर्षं खिशातून फेरी चालवली, मान्य. पण त्यामुळे खरा खर्च किती ते कोणालाच माहीत नसतं. नवीन माणूस खुर्चीत बसला की मांडव, साऊंड, पाणी, पोलिसांना पत्र, वर्गणी न देणारे, सगळं अंगावर येतं. स्टॉलचं भाडं हीच एक कमाई. स्टॉलवाला चिखलात येत नाही. म्हणून हायवे.

पण एक चूक आम्ही केली ती तुमच्या पोरांना सांगा. जमीनमालकाशी काही लिहून घेतलं नाही. सप्टेंबरात त्याला रान विकायचा चांगला भाव आला, प्लॉट उभा असताना. आम्ही त्याच्या पाया पडलो तेव्हा कुठे दिवाळीपर्यंत थांबला. किमान तीन हंगामांचा करार स्टॅम्पवर करा. त्यात लिहा की कापूस कोणाचा, तुडवण झाली तर भरपाई किती, ठिबकच्या नळ्या तुटल्या तर कोण भरणार. शेतात हजार माणसं फिरली की लॅटरल तुटतातच, बायका-पोरं अडखळतात. फेरीच्या दिवशी सकाळी नळ्या गोळा करून ओळीच्या टोकाला बांधून ठेवायच्या, हे आम्ही दुसऱ्या वर्षी शिकलो.

आणि मे लागवडीबद्दल निवृत्त साहेब बरोबर. आम्हीही तेच केलं होतं. फोटो छान आले होते, पुढचं विचारू नका.

कळण्याची_भाकर:

भाऊ, फेरीत जेवण करणाऱ्या बचत गटातली मी. तुम्ही सगळ्यांनी मातीचं लिहिलं, माणसांचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

बापूंच्या शेतात आम्ही पहाटे चारला पोचतो. भरताची हिरवी वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजायची, जाळ मोठा लागतो आणि धूरही. मग सोलून लाकडी बडगीत ठेचायची. हायवेच्या पटांगणावर मोकळ्यावर जाळ करू देतील का, हे विचारलंय का कोणी? मला तर कळलं की जेवणाचं काम केटररला देणार, पुलाव आणि पनीर. शिवार फेरीत पनीर! असो.

खरी गोष्ट बसची आहे. आपल्या गावात एसटी स्टँडवर उतरलं की पंधरा मिनिटांत शेत. म्हणून निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बायकाही फेरीला यायच्या, आणि खरं सांगू का, बोंड हातात धरल्यावर कोणता वाण वेचायला सोपा, कोणाचा कापूस बोंडात घट्ट बसतो, कोणता गळून खाली पडतो, हे त्यांनाच कळतं. दिवसभर वेचायचं काम त्यांचं. हायवेवर एसटी हात दाखवून थांबत नाही. येताना बदलून यावं लागेल, जाताना अंधार. म्हणजे त्या येणार नाहीत. तुमच्या फेरीत मग मोटारसायकलवाले तेवढे उरतील.

शिवाय बायकांसाठी आडोसा. जुन्या शेतात बापूंच्या घरचं संडास होतं, वहिनी कधी नाही म्हणाल्या नाहीत. पटांगणावर शंभर स्टॉल आणि दोन फिरती शौचालयं, तीही स्टेजमागे. हे आधी ठरवा. कंपनीत संचालक म्हणून एखादी बाई आहे का?

पांझराकाठ:

काय भो, इतकं टेन्शन कशाला? गाडी तठेच फसनी तर बैल लावायचे, हे तुम्हालाच जमतं.

मी साक्रीकडचा. आमच्याकडे पांझरेवर जुनी फड पद्धत. गावाचं रान फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, दुसऱ्या वर्षी पीक पुढच्या फडात सरकतं. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. तसंच करा. यंदा हायवे, पुढच्या वर्षी तापीकाठ, त्यापुढे रावेरकडे केळीत. फेरी फिरती ठेवा म्हणजे नाव सार्थ होईल.

तापीकाठचा:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, काल बैठक होती.

पांझराकाठ, फिरती फेरी ऐकायला गोड आहे पण मला पटत नाही. फडात पीक फिरतं, फड जागेवरच असतो. त्याच रानात दर वर्षी पाहिलं तरच मागच्या वर्षीपेक्षा काय बदललं ते कळतं. दर वर्षी नवं रान म्हणजे दर वर्षी नवा उकिरडा शोधायचा.

निवृत्त साहेब, तुमचा मजकूर मी मोठ्या अक्षरांत छापून नेला होता. जिनिंग आहे. पाऊण किलोमीटरवर. पोरांना माहीत होतं, पण त्यांना ती ट्रक उभे करायची सोय वाटत होती. मे लागवडीवर बराच वाद झाला. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने, त्याच्या वडिलांची २०१७ ला कपाशी गेली होती, तो म्हणाला, जूनच. मग कोणी बोललं नाही.

जागा मात्र हायवेचीच राहिली. ते मला अजून पचलेलं नाही, पण हात वर केले तेव्हा आम्ही चौघंच होतो. त्या बदल्यात एक मिळालं. बापू २० गुंठे देतात, फुकट. तिथे तोच जुना वाण आणि नव्या जागेवरच्यातले निवडक पाच, त्याच दिवशी, त्याच अंतरावर लावायचे. मुख्य फेरी हायवेला, आणि तिच्या तीन दिवस आधी सकाळी इथे साधी फेरी. माईक नाही, मांडव नाही. करार तीन हंगामांचा करतायत, मसुदा मला दाखवला, तुडवणीचं कलम मी घालायला लावलं.

ताई, तुमच्या बसच्या मुद्द्यावर सगळे गप्प झाले. चोपड्याहून दोन गाड्या ठरवायचं कबूल केलंय, परतीला पाच वाजता निघणार. लेखी घ्यायचं बाकी आहे. शौचालयं स्टेजमागून हलवली. संचालकांत बाई नाही, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. जाळाला हायवेवर परवानगी मिळणार नाही बहुतेक, पण इथल्या साध्या फेरीला भरीतच, हे मी न विचारता जाहीर करून टाकलंय.

पाट्या आता ४० लागतील. जुन्या २८ घासायला घेतल्यात. आजवर पाटीवर गावाचं नाव कधी लिहिलं नव्हतं, लिहायची गरजच नव्हती. आता 'काळी' आणि 'मुरमाड' असंही लिहावं लागेल, आणि एवढ्याशा पत्र्यावर जागा कमी पडतेय. भरताची बडगी कोणाकडे आहे ते कळवा, शनिवारी ट्रॉली तिकडूनच येणार आहे.